मीठ तापवल्यावर तडतडतं का? स्वतः तपासून पाहणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

मीठ-मोहरी उतरवून विस्तवात टाकली की तडतड होते आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "बघ, केवढी नजर लागली होती!" मोहरी का तडतडते हे फोडणी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दाण्यात ओल असते, वर टणक साल असते, आत वाफ झाली की साल फुटते. मिठाला मात्र साल नाही, आणि मिठाच्या घडणीत पाणीही नाही. तरी ते उडतं.

गाइडांमध्ये आणि वह्यांमध्ये याचं कारण सर्रास "स्फटिकजलामुळे" असं दिलेलं असतं. ते चूक आहे. खायच्या मिठात स्फटिकजल, म्हणजे स्फटिकाच्या घडणीतच बसलेलं पाणी, नसतंच, लेड नायट्रेटमध्येही नसतं. आणि हे दोन्ही तडतडण्यात अग्रेसर. उलट तुरटी जवळजवळ निम्मी पाणीच असते, आणि ती तडतडण्याऐवजी वितळून फुगते. म्हणजे स्फटिकाच्या घडणीतलं पाणी वेगळं आणि स्फटिक वाढताना त्याच्या पोटात चुकून कोंडलं गेलेलं पाणी वेगळं. सगळा घोळ या दोन पाण्यांच्या गल्लतीत आहे. तो घरच्या गॅसवर एका दुपारी सोडवता येतो.

१. सामान जमवा

- जाडं खडे मीठ, पाव किलो. पुण्यात मंडईजवळच्या किंवा रविवार पेठेतल्या भुसारी दुकानात सुटं मिळतं. पॅकेटातलं बारीक मीठ तुलनेसाठी लागेल, ते घरात असतंच.
- सैंधवाचे खडे, तुरटी आणि टाकणखार (बोरॅक्स), प्रत्येकी ५० ग्रॅम. काष्ठौषधींच्या दुकानात तिन्ही एकदम मिळतात.
- मोरचूद (कॉपर सल्फेट), ५० ग्रॅम. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी शेतकरी घेतात ते. शेती औषधांच्या दुकानात मिळतं. विषारी आहे, स्वयंपाकाच्या भांड्याला लावायचं नाही.
- जुना लोखंडी तवा, त्यावर बसेल अशी स्टीलची बारीक जाळी, लांब चिमटा. बोहरी आळीत हे सगळं एका फेरीत होतं.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, खलबत्ता.
- बोरोसिलिकेट काचेच्या चार परीक्षानळ्या आणि त्या धरायचा चिमटा.
- डोळ्यांना सगळीकडून झाकणारा चष्मा. नेहमीचा नंबरचा चष्मा चालणार नाही, कण बाजूने आत शिरतात.

नॉनस्टिक तवा वापरू नका. इथे तवा ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यायचा आहे आणि त्या तापमानाला नॉनस्टिकचा थर खराब होऊन घातक धूर सोडतो. तापमान दुरून मोजणारी बंदूक असेल तर उत्तम, पण ती काळ्या लोखंडावरच खरं सांगते. चकचकीत स्टीलवर रोखलीत तर खूप कमी आकडा दाखवेल, आणि तुम्ही गॅस वाढवत बसाल.

२. आधी भिंगातून बघा

ही पायरी लोक गाळतात आणि मग नुसता आवाज ऐकून परत येतात.

खडे मिठाचा एक मोठा दाणा उजेडाकडे धरा. काही भाग काचेसारखा स्वच्छ दिसेल, काही दुधाळ. दुधाळपणा म्हणजे बहुतेक वेळा मळ नसून असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात, आणि त्यांत ज्या खाऱ्या पाण्यातून तो स्फटिक वाढला तेच पाणी भरलेलं असतं. मिठागरात उन्हाने पाणी भराभर आटतं. स्फटिकाच्या कडा आणि कोपरे पुढे धावतात, मधला भाग मागे राहतो, आणि मग वरून झाकण बसल्यासारखा नवा थर येऊन पाणी आत कोंडलं जातं. वाढ जितकी घाईची, तितकी कोंडाकोंडी जास्त.

स्वतः करून बघायचं तर १०० मिलिलिटर पाण्यात मावेल तेवढं, म्हणजे साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळवून गाळून घ्या आणि दोन बशांत वाटा. एक एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर ठेवा. दुसरीवर कागद झाकून ती घरातल्या थंड कोपऱ्यात दोन-तीन आठवडे विसरून जा. पहिलीत पांढुरके, मधे खोलगट चौकोन मिळतील. दुसरीत कमी पण स्वच्छ घन. दोन्ही जपून ठेवा, पाचव्या पायरीत लागतील. पावसाळ्यात हा उद्योग करू नका. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं, आणि पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये असे दिवस भरपूर.

३. वरची ओल काढून टाका

दाण्यांच्या बाहेर चिकटलेलं पाणी आणि पोटातलं पाणी यांचे आवाज वेगळे करायचे आहेत. खडे मीठ ताटलीत पातळ पसरून ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास ठेवा. ओव्हन नसेल तर तव्यावर अगदी मंद आचेवर अर्धा तास परता. वाफ येणं थांबलं की बाहेरची ओल गेली.

आता ते हाताला खुळखुळीत कोरडं लागेल. पण तापवलं की तडतडणारच, कारण पोकळ्यांना बाहेर वाट नाही. "मीठ ओलं असतं म्हणून तडतडतं" हे स्पष्टीकरण इथेच बाद होतं. ओलं मीठ चुरचुरतं आणि दाणा जागच्या जागी राहतो. तडतडीत दाणा फुटून लांब उडतो.

४. तव्यावर तडतडू द्या

रिकामा तवा मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटं तापवा. चष्मा लावा. १० ग्रॅम वाळवलेले दाणे टाका आणि लगेच जाळी झाका. जाळीच का? घट्ट झाकण ठेवलं तर आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि काही न ठेवलं तर निम्मं मीठ ओट्यावर जातं.

सुरुवातीला चिडीचूप. मग एखाददुसरा टिचका, आणि दाणे साधारण २५० अंशांच्या पुढे गेले की माळ लागते. गॅसच्या ज्योतीत उडालेले कण पडून ती मधूनच पिवळीधमक होईल. घाबरू नका, तो सोडियमचा रंग आहे, बर्नर बिघडलेला नाही.

पाणी १०० अंशांना उकळतं, मग एवढा उशीर का? दोन कारणं. एक, बऱ्याच पोकळ्यांत पाण्यासोबत छोटासा बुडबुडा असतो. पाणी फुगतं तेव्हा आधी ती जागा भरते. दोन, पोकळी जितकी बारीक आणि दाण्यात जितकी खोल, तितकी भिंत जास्त सोसते. एकदा बुडबुडा संपला की मात्र गोष्टी झपाट्याने बिघडतात. साधं गणित बघा. २० पासून १०० अंशांपर्यंत पाणी सुमारे ४ टक्के प्रसरण पावतं, तर मिठातली पोकळी जेमतेम १ टक्का. उरलेलं ३ टक्के पाणी दाबून बसवायचं तर हवेच्या दाबाच्या शेकडो पट जोर लागतो. म्हणजे पोकळी काठोकाठ भरलेली असेल तर वाफ व्हायचीसुद्धा गरज नाही, नुसत्या प्रसरणाने दाणा फुटू शकतो. मक्याची लाही सुमारे १८० अंशांना फुटते, तेव्हा आतला दाब हवेच्या नऊ-दहा पटच असतो. त्यामानाने मिठाचा दाणा फारच कडवा.

आता तोच प्रयोग पॅकेटच्या बारीक मिठावर करा. आवाज येईल, पण किरकोळ. दाणे मुळातच छोटे, पोकळ्याही छोट्या, आणि फुटला तरी उडणारा तुकडा इवलासा.

सैंधवाचं आधी सांगता येत नाही. एकच खडा घ्या, त्याचा काचेसारखा भाग गप्प राहील आणि ढगाळ भाग थयथयाट करेल. पोलंडमधल्या वेलिचका इथल्या खाणीत असं खनिज मीठ सापडतं की ते पाण्यात टाकलं तरी तडतडतं, तापवायची गरजच नाही. त्याच्या पोकळ्यांत दाबाखाली वायू कोंडलेला असतो. मीठ विरघळून भिंत पातळ झाली की तो सुटतो.

५. कारण पडताळा: दळा आणि पुन्हा तापवा

इथपर्यंत आपण फक्त आवाज ऐकला. कारण पाणीच आहे हे अजून ठरलेलं नाही. स्फटिक एकाएकी तापले की बाहेरचा थर आधी फुगतो, आतला मागे राहतो, आणि त्या ताणानेही ते तडकू शकतात. मग वेगळं कसं करायचं?

पहिली चाचणी दळण्याची. वाळवलेले १० ग्रॅम दाणे खलबत्त्यात पिठासारखे कुटा, पुन्हा ११० अंशांवर अर्धा तास वाळवा आणि तापल्या तव्यावर टाका. जवळजवळ शांतता. पोकळ्या उघड्या पडल्या, पाणी वाळवतानाच निघून गेलं. पण सावध वाचक इथे अडेल, आणि अडायलाच हवं: पिठाचा कण एवढा लहान असतो की तो आतबाहेर एकसारखाच तापतो, तेव्हा ताणाचं कारण असतं तरी शांतताच मिळाली असती. म्हणजे एकट्या दळण्याने निकाल लागत नाही.

दुसरी चाचणी निर्णायक. चौथ्या पायरीतल्या तव्यावर तडतड पूर्ण थांबल्यावर गॅस बंद करा आणि मीठ आपोआप गार होऊ द्या. उरलेल्यातून दोन-तीन मिलिमीटरचे दाणे निवडा आणि त्याच आचेवर पुन्हा टाका. ते गप्प बसतील. आकार तोच, तापवण्याचा वेग तोच. ताणामुळे फुटत असते तर दुसऱ्यांदाही फुटले असते. भडभुंज्याच्या कढईतलं रोजच्या वापराचं काळपट मीठ उडत नाही, ते याच कारणाने: त्याच्या पोटातलं पाणी केव्हाच संपलेलं असतं.

तिसरी, ताजे दाणे अगदी सावकाश तापवणं. तासभर लावून ३०० अंशांपर्यंत न्या. तडतड तरीही होईल, फक्त विखुरलेली. ताण हळू तापवल्याने टळतो. कोंडलेल्या पाण्याचा दाब टळत नाही.

दुसऱ्या पायरीत वाढवलेले गच्चीवरचे आणि घरातले स्फटिक आता शेजारीशेजारी तापवून बघा. सारख्या आकाराचे निवडा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

६. आता तुरटी, टाकणखार, मोरचूद

यांच्यात पाणी खरोखरच स्फटिकाच्या घडणीत आहे. वजनाच्या हिशोबाने तुरटीत सुमारे ४५.५ टक्के, टाकणखारात ४७ टक्के, मोरचुदात ३६ टक्के.

तुरटीचा खडा तव्यावर ठेवला की ९२ अंशांच्या आसपास तो स्वतःच्याच पाण्यात विरघळल्यासारखा पातळ होतो, बुडबुडे येतात, आणि शेवटी पांढरा, हलका, सच्छिद्र पापुद्रा उरतो. टाकणखाराचंही तेच, फक्त तो जास्त फुगतो. वैद्य मंडळी याला "लाही करणे" म्हणतात. शब्द अचूक आहे, कारण इथे फुटणं कमी आणि फुलणं जास्त. ५ ग्रॅम तुरटीची पूर्ण लाही सुमारे २.७ ग्रॅम भरते. तुमची ३.२ भरली तर मधला भाग अजून ओला आहे. मोडून पुन्हा तापवा. झटकन उरकायला आच भडकवलीत तर पुढे आम्लधर्मी, झोंबणारा धूर येऊ लागतो, म्हणून २५० अंशांच्या आत राहा.

मोरचूद परीक्षानळीत घ्या, तव्यावर नको. अर्धा ग्रॅम पुरे. निळा रंग फिका होत पांढरा पडतो. शेवटचा पाण्याचा अंश जायला २०० अंशांच्या बऱ्याच वर जावं लागतं. मोठे खडे मधेच टिचतातही, कारण त्यांच्याही पोटात कोंडलेलं पाणी असतंच. दोन्ही पाणी एकाच खड्यात. काळपट झालं तर जास्त तापलं, टाकून द्या. पांढरी पूड घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवा. तिच्यावर पाण्याचा थेंब पडला की ती परत निळी होते, म्हणजे तुम्हाला फुकटात पाणी ओळखायचं साधन मिळालं. वाळवलेलं खडे मीठ कोरड्या परीक्षानळीत तापवा, नळीच्या वरच्या गार भागावर धुकं जमलं की त्यावर ही पूड चिमूटभर टाका.

नळी धरताना तोंड किंचित खाली झुकलेलं हवं आणि कुणाच्याही चेहऱ्याकडे नको. तोंड वर ठेवलंत तर जमलेलं पाणी ओघळून तापल्या बुडावर जातं आणि नळी तडकते. परीक्षानळ्या सर्वांत जास्त याच चुकीने फुटतात.

७. पुण्याचे दगड

या विषयासाठी पुण्याइतकी सोयीची जागा कमी असेल. इथल्या बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या, पोकळ्यांत झिओलाइट नावाची पाणी धरून ठेवणारी खनिजं आणि त्यांचे सोबती भरलेले आहेत. वाघोलीच्या खाणी निळ्याशार कॅव्हन्साइट खनिजासाठी जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत, आणि पाषाण टेकड्यांचा हिरवा ॲपोफिलाइटही.

झिओलाइट हे नावच तापवण्यावरून पडलं. १७५६ साली स्वीडनच्या क्रॉनस्टेटने असा एक दगड ज्योतीत धरला, तो फसफसून उकळल्यासारखा दिसला, म्हणून ग्रीकमध्ये "उकळणारा दगड". स्कोलेसाइट ज्योतीत अळीसारखा वळवळतो, त्याचं नाव "अळी" या ग्रीक शब्दावरून. ॲपोफिलाइटचे तापल्यावर पापुद्रे सुटतात, म्हणून त्याचं नाव "पानं गळणारा" अशा अर्थाचं. कुंड्यांच्या मातीत घालतात ते व्हर्मिक्युलाइट याच जातीचं: थरांमधलं पाणी वाफ होताना थर एकमेकांपासून दूर ढकलले जातात.

झिओलाइट सावकाश तापवलात तर मात्र काहीच नाट्य घडत नाही. त्यात पाणी भरपूर असतं, पण उघड्या बोगद्यांत असतं, आणि तिथून ते मुकाट निघून जातं. बंद कोठडी आणि उघडी गल्ली एवढाच मीठ आणि झिओलाइटमधला फरक.

करून बघायचं तर:

- खनिजांचे नमुने विकणाऱ्या दुकानदाराकडून तुटके, विकाऊ नसलेले तुकडे मागा. चांगला नमुना जाळू नका, कॅव्हन्साइट तर नकोच. चालू खाणीत परवानगीशिवाय शिरू नका, तिथे सुरुंग उडवतात.
- तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पुरे, परीक्षानळीत.
- ॲपोफिलाइटमध्ये फ्लोरिन असतं आणि जोरात तापवल्यावर निघणारं पाणी आम्लधर्मी असतं. खिडकी उघडी ठेवा, नळीत नाक घालू नका.
- नदीतला ओला गोटा किंवा भिजलेला दगड आगीत कधीही टाकू नका. त्याच्या भेगांतलं पाणी फुटलं की उडणारा तुकडा मिलिमीटरचा नसतो.

बराइट, फ्लोराइट आणि गॅलेना हेही तडतडण्यासाठी प्रसिद्ध. या तिघांना ठरावीक पातळ्यांवर सरळ चिरण्याची, म्हणजे पाटनाची, सवय आहे. थोड्या दाबाने किंवा नुसत्या ताणानेही ते चिरतात. पाचव्या पायरीतल्या चाचण्या इथे लावल्या तर उत्तर नेहमी मिठाइतकं स्वच्छ येत नाही. गॅलेना शिशाचं खनिज आहे, ते घरात तापवू नका.

८. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेसाठी

कोरड्या तापन चाचणीत तडतड ऐकू आली की लगेच "सोडियम क्लोराइड" लिहून मोकळे होऊ नका. लेड नायट्रेट, बेरियम नायट्रेट, पोटॅशियमचे ब्रोमाइड आणि आयोडाइडही तडतडतात. तडतडीबरोबर तपकिरी वायू आणि मागे पिवळा अवशेष असेल तर लेड नायट्रेट. नुसता तडतडाट, वायू नाही, रंग नाही, तर हॅलाइडचा (क्लोराइड, ब्रोमाइड किंवा आयोडाइडचा) संशय. आणि हा संशयच समजा: बाटलीतलं मीठ बारीक दळलेलं असेल तर ते गप्पही राहील, म्हणून "तडतड नाही" यावरून काहीच नाकारू नका.

कोळशावरच्या चाचणीत पदार्थ खळग्यातून उडून जातो. त्यावर आधी पाण्याचा एक थेंब द्या आणि मंद ज्योतीने सुकवा. ज्योत परीक्षेत तारेवरून कण उडत असतील तर पदार्थ आधी घोटून घ्या.

सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाची तीव्रता तपासायला सोडियम क्लोराइड तोलून घेताना तर हे फारच महत्त्वाचं. ११० अंशांवर वाळवलेल्या मिठाच्या पोटात पाणी राहतं आणि तेवढं वजन खोटं येतं. आधी घोटा, मग झाकलेल्या मुशीत खूप वरच्या तापमानाला न्या, तडतड थांबेपर्यंत. झाकण काढलंत तर पदार्थच उडून जाईल आणि ती घट तुम्ही पाण्याच्या नावावर लिहाल.

९. कारखान्यातला मामला

भोसरी-चिंचवडकडे उष्णोपचाराच्या वर्कशॉपमध्ये सॉल्ट बाथवर (लोखंडी भाग बुडवून तापवायच्या वितळलेल्या मिठाच्या कुंडावर) नव्याने लागलेल्यांसाठी दोनच गोष्टी. वितळलेल्या मिठात नवीन मीठ, हूक किंवा जॉब टाकण्याआधी तो भट्टीशेजारी तापवून कोरडा झालाच पाहिजे. तव्यावर जे टिचकं असतं ते शेकडो किलो वितळलेल्या मिठात स्फोट होऊन अंगावर येतं. आणि नायट्रेट असलेल्या बाथजवळ तेल, चिंध्या, कोळसा काहीही नको.

१०. आवराआवर

तडतडलेलं मीठ खाण्यात वापरू नका, त्यात तव्याचा गंज असतो. तुरटी आणि टाकणखाराच्या लाह्या नाव लिहून बाटलीत ठेवा, दोन्ही सारख्याच दिसतात. मोरचूद मोरीत ओतू नका, ते माशांना आणि शेवाळाला मारतं. उरलेलं बाटलीत साठवा, पांढरी पूड वर्षभर टिकते. शिशाचं काहीही असेल तर ते प्रयोगशाळेच्या वेगळ्या बाटलीत गेलं पाहिजे. तवा आधी कोरडा पुसा, मग धुवा आणि लगेच तेल लावा, नाहीतर उरलेलं मीठ त्याला एका रात्रीत खाईल.